एआय असिस्टंट आणि घरातली स्मार्ट उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवा, पंखा, पडदा, एसी एआय असिस्टंटच्या हाती द्यायला निघालेली माणसं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. उदाहरणं बहुतेक होम असिस्टंट या मुक्त प्रणालीतली आहेत, कारण मी रोज तीच वापरतो. बाकीच्या हबमध्ये (हब म्हणजे घरातली उपकरणं सांभाळणारी प्रणाली) बटणांची नावं बदलतील, काम तेच राहील.

१. असिस्टंट उपकरणाला जोडतात म्हणजे नेमकं होतं काय? तो दिव्याशी थेट बोलतो का?

नाही. पुढची निम्मी उत्तरं यावरच उभी आहेत, म्हणून हे आधी नीट बघू. एआय मॉडेल मजकूर वाचतं आणि मजकूर लिहितं, एवढंच. तुम्ही म्हणता, "स्वयंपाकघरात थोडा उजेड कर." तुमचा आवाज आधी अक्षरांत उतरतो. मग ती अक्षरं आणि सोबत घरातल्या उपकरणांची यादी (नाव, खोली, आत्ता चालू की बंद) मॉडेलकडे जाते. मॉडेल एका ठरलेल्या साच्यात विनंती लिहितं: दिवा लावा, खोली स्वयंपाकघर, उजेड ४० टक्के. ती विनंती हब वाचतो, दिव्याला खरा संदेश हबच पाठवतो आणि काय झालं ते मॉडेलला कळवतो. मग मॉडेल तुम्हाला "केला" म्हणतं.

म्हणजे बोलणारा एक, हात लावणारा दुसरा. काय करू द्यायचं आणि काय नाही, हे ठरवायची जागा या दोघांच्या मधे आहे आणि ती तुमच्या ताब्यात असते.

२. माझ्याकडे बोलणारा स्पीकर आधीपासून आहे. एआय जोडून वेगळं काय मिळेल?

ॲमेझॉनचा अलेक्सा हा असिस्टंट आणि एको हा त्याचा स्पीकर २०१४ साली आले. त्या पिढीचे असिस्टंट ठरावीक वाक्यं ओळखायचे. वाक्य साच्यात बसलं तर काम व्हायचं, नाही तर "मला समजलं नाही". भाषा मॉडेल जोडल्यावर "मुलगा झोपलाय, तसं कर" म्हटलं तरी चालतं. ते दिवे मंद करेल, टीव्हीचा आवाज कमी करेल. "कुठली खिडकी उघडी राहिली आहे?" असंही विचारता येतं, अर्थात खिडकीला सेन्सर असेल तर.

"दिवा लाव", "पंखा बंद" यासाठी मात्र मॉडेलची गरज नाही. तिथे जुनी पद्धतच जलद आणि भरवशाची. दोन्ही एकत्र कसं चालवायचं ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. सुरुवातीला काय काय लागतं?

चार गोष्टी: दूरून चालू-बंद होणारं उपकरण, ते सांभाळणारा हब, भाषा समजणारं मॉडेल, आणि बोलायला माइक किंवा फोन. हब म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा पडून असलेला छोटा संगणक पुरतो. मॉडेल इंटरनेटवरचं घ्या किंवा ओलामासारख्या सॉफ्टवेअरने घरच्या संगणकावर चालवा. होम असिस्टंटमध्ये भाषा मॉडेलला उपकरणं हाताळू द्यायची सोय जून २०२४ मध्ये आली.

माइकची घाई करू नका. पहिला आठवडा फोनवर टाइप करूनच चालवा. आवाज मधे नसला की चूक कुठे होते आहे ते लगेच सापडतं.

४. वाय-फाय, झिग्बी, थ्रेड, मॅटर… यातलं काय घ्यायचं?

वाय-फाय, झिग्बी आणि थ्रेड हे संदेश नेणारे रस्ते आहेत. मॅटर ही त्या रस्त्यांवर बोलायची समाईक भाषा आहे. ती वाय-फायवरही चालते आणि थ्रेडवरही. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटरचा मोठा फायदा असा, की एकच उपकरण एकाच वेळी दोन-तीन हबना जोडता येतं आणि संदेश घरातल्या घरात फिरतात.

मोजके दिवे असतील तर वाय-फायने भागतं. बॅटरीवरचे सेन्सर घ्यायचे तर झिग्बी किंवा थ्रेड, कारण वाय-फायवर बॅटरी टिकत नाही. झिग्बीचा यूएसबी डोंगल (हबला झिग्बीचे संदेश देता-घेता यावेत म्हणून लावायचा छोटा तुकडा) संगणकाच्या निळ्या यूएसबी ३ खाचेत थेट खोचू नका. त्या खाचेतून २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो आणि उपकरणं अधूनमधून गायब होतात. हातभर लांब एक्स्टेन्शन वायर लावली की बहुतेकदा त्रास संपतो.

आणि मॅटरच्या उपकरणावर क्यूआर कोडचं स्टिकर असतं, खाली ११ आकडी नंबर. बसवण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा. रिले (भिंतीवरच्या बटणामागे बसणारा छोटा स्मार्ट स्विच) एकदा बटणांच्या पेटीत गेला, की तो नंबर वाचायला भिंत उघडावी लागते.

५. ॲपमध्ये नवा बल्ब सापडतच नाही. काय चुकतंय?

बरेच वाय-फाय बल्ब आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तुमचा फोन त्या वेळी ५ गिगाहर्ट्झवर असतो. राउटरवर २.४ चं वेगळं नाव तात्पुरतं तयार करा, फोन त्यावर न्या, बल्ब जोडा. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशनही चालू हवं. एवढं करून सापडला नाही तर बल्ब रीसेट करून राउटरजवळच्या होल्डरमध्ये लावून बघा.

६. "पंखा लाव" म्हटलं की भलत्याच खोलीतला पंखा लागतो. मॉडेल बदलू का?

मॉडेल नंतर बदला, आधी नावं बघा. मला पाठवलेल्या एका यादीत चार उपकरणांची नावं अशी होती: "पंखा", "पंखा २", "स्मार्ट स्विच ०४ ए", "हॉल न्यू". यातून माणसालाही पत्ता लागणार नाही.

प्रत्येक उपकरण खोलीत टाका आणि नाव बोलण्यातलंच ठेवा: "देवघरातला दिवा", "टेबलावरचा दिवा", "माळ्याचा दिवा". घरात एकाच वस्तूला दोघं दोन नावांनी हाक मारत असतील तर दुसरं नाव पर्यायी म्हणून जोडा; होम असिस्टंटमध्ये तशी सोय आहे. माइकलाही खोली ठरवून द्या, म्हणजे नुसतं "दिवा लाव" म्हटल्यावर त्याच खोलीतला लागतो.

असिस्टंटला दाखवायची यादीही आखूड ठेवा. घरच्या संगणकावरच्या लहान मॉडेलसाठी २५ पेक्षा कमी नोंदी दाखवा, असं होम असिस्टंटची माहितीपुस्तिकाच सुचवते. सेन्सरची बॅटरी, सिग्नलची ताकद, फर्मवेअरची आवृत्ती असल्या नोंदी त्याला दाखवून काही मिळत नाही.

७. मराठीत बोलून चालेल का?

चालेल, पण साखळीतला प्रत्येक दुवा वेगळा तपासावा लागतो. मजकूर समजून घेण्यात मोठी मॉडेलं मराठीत चांगली आहेत. "गॅलरीतला दिवा तेवढा राहू दे, बाकी मालव" हे त्यांना नीट कळतं. अडतं ते आवाजाची अक्षरं करताना. आवाजाची अक्षरं करणाऱ्या, २०२२ साली आलेल्या व्हिस्पर या मॉडेलला मराठी येतं, पण त्याच्या लहान आवृत्त्या "दिवा" आणि "दे वा" यांत घोटाळा करतात. मोठी आवृत्ती सुधारते, मात्र तिला तगडा संगणक लागतो.

माझा अनुभव असा, की एखाद्या शब्दाच्या आज्ञेपेक्षा पूर्ण वाक्य जास्त नीट ओळखलं जातं. "दिवा" एवढंच म्हणण्यापेक्षा "हॉलमधला दिवा लाव" म्हणा. आपण इंग्रजी शब्द मिसळून बोलतो त्याला अडवू नका. "एसी चोवीसवर ठेव" हेच नैसर्गिक आहे. फक्त उपकरणाचं नाव देवनागरीत लिहा. नाव रोमन लिपीत आणि बोललेलं देवनागरीत उतरलं, की अक्षरं जुळवणारी साधी पद्धत तिथेच फसते.

८. भिंतीवरचं बटण बंद केलं की असिस्टंटला दिवा दिसेनासा होतो. उपाय?

स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. बटण बंद केलं की बल्बच बंद पडतो, मग त्याला संदेश कुठून मिळणार? घरातल्या सगळ्यांना "बटणाला हात लावू नका" असं सांगून बघू नका. ते टिकत नाही आणि बरोबरही नाही. आजीला अंधारात चाचपडताना हाताखाली यायला बटणच हवं.

अशा ठिकाणी साधा बल्ब ठेवा आणि बटणामागे स्मार्ट रिले बसवा. मग बटणही चालतं आणि असिस्टंटही. बऱ्याच रिलेंना बटणाच्या पेटीत न्यूट्रल वायर लागते. जुन्या वायरिंगमध्ये ती तिथपर्यंत आलेली नसते. हे वायरमनकडून आधी तपासून घ्या, रिले नंतर घ्या.

९. असिस्टंट म्हणतो "लावला", पण दिवा लागलेलाच नसतो. खोटं का बोलतो?

दोन कारणं असतात. पहिलं, मॉडेलने विनंती लिहिलीच नाही, थेट उत्तर लिहिलं. लहान मॉडेलं हे जास्त करतात, विशेषतः यादी लांब असेल तर. दुसरं, विनंती गेली, हबने ती पुढे पाठवली, पण उपकरणापर्यंत ती पोचली नाही.

यातलं कोणतं ते लॉग, म्हणजे हबने ठेवलेली नोंद, सांगतो. होम असिस्टंटच्या आवाज-सेटिंगमध्ये डीबग उघडलं की प्रत्येक आज्ञेचा टप्पा दिसतो: काय ऐकलं, मॉडेलने कोणती विनंती लिहिली, काय परत आलं. विनंतीची ओळच नसेल तर दोष मॉडेलचा: यादी कमी करा किंवा मोठं मॉडेल घ्या. ओळ असेल आणि दिवा अंधारात असेल तर रेडिओ, वीज किंवा उपकरण बघा.

बाहेर असताना तर असिस्टंटच्या शब्दावर विसंबूच नका. "इस्त्रीचा प्लग बंद केला" हे वाक्य पुरावा नाही. ॲपमध्ये प्लगची स्थिती आणि वीजवापर शून्य दिसणं हा पुरावा.

१०. उत्तराला फार वेळ लागतो. कसा कमी करू?

वर सांगितलेल्या डीबगमध्ये प्रत्येक टप्प्याला किती सेकंद लागले तेही दिसतं. आधी ते बघा, अंदाजाने काही बदलू नका. रास्पबेरी पाय ४ वर व्हिस्पर चालवलं तर एका आज्ञेला ८ सेकंदांच्या आसपास लागतात. त्यात मॉडेलचा काही दोष नाही. तेच काम इंटेलच्या छोट्या संगणकावर सेकंदाच्या आत होतं.

मग असिस्टंटच्या सेटिंगमध्ये, आज्ञा आधी घरातच सोडवून बघण्याचा पर्याय चालू करा. "दिवा लाव" हबच ओळखतो आणि लगेच करतो. त्याला न कळलेलं वाक्य तेवढं मॉडेलकडे जातं.

११. इंटरनेट गेलं तर घर ठप्प होईल का?

हब घरात असेल आणि उपकरणं झिग्बी, मॅटर किंवा स्थानिक वाय-फायवर असतील तर बटणं, ॲप आणि वेळापत्रकं चालू राहतात. फक्त बाहेरचं मॉडेल गप्प बसतं. प्रत्येक आज्ञा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येणारी उपकरणं मात्र अडतात. घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करा: राउटरमधून इंटरनेटची वायर काढा, वाय-फाय चालू राहू द्या आणि दिवा लावून बघा.

१२. उपकरणाच्या कंपनीने सेवाच बंद केली तर?

असं घडलेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचे हब मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केल्यावर निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये स्मार्ट उपकरणं बनवणाऱ्या इन्स्टिऑनचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. तिथे ज्यांनी आपली उपकरणं होम असिस्टंटसारख्या घरच्या हबला जोडली, त्यांची घरं पुन्हा चालू झाली. म्हणून प्रश्न ११ मधली परीक्षा खरेदीच्या वेळीच करा.

१३. माइक सतत ऐकत असतो का? माझं बोलणं कुठे जातं?

हाक मारायचा शब्द सहसा स्पीकरमध्येच ओळखला जातो. तो ऐकू आल्यानंतरचं बोलणं पुढे जातं: कंपनीच्या सर्व्हरवर किंवा तुमच्या हबवर. सेटिंग आज आहे म्हणून उद्याही असेलच असं नाही. काही एको उपकरणांवर रेकॉर्डिंग न पाठवण्याचा पर्याय होता, तो २८ मार्च २०२५ पासून काढून घेतला गेला.

लोक आवाजाची काळजी करतात, पण यादीची करत नाहीत. प्रश्न १ मधली उपकरणांची यादी प्रत्येक प्रश्नासोबत मॉडेलकडे जाते. त्यात "मुख्य दार: बंद", "झोपायची खोली: हालचाल आहे", "घरात कोणी नाही" असं असेल, तर घराची दिनचर्याच बाहेर जाते. दार, हालचाल आणि माणसांच्या जागा दाखवणारे सेन्सर बाहेरच्या मॉडेलला दाखवू नका. ते हवेच असतील तर मॉडेल घरच्या संगणकावर चालवा.

१४. "सगळं बंद कर" म्हटलं तर तो खरंच सगळं बंद करेल?

करेल, आणि म्हणूनच हा प्रश्न गंभीर आहे. हे माझ्याच घरात घडलं. रात्री झोपताना "सगळं बंद कर" म्हटलं. दिवे गेले, टीव्ही गेला आणि पाठोपाठ राउटरचे हिरवे ठिपके विझले. राउटर आणि हब दोन्ही एका स्मार्ट प्लगवर होते, वीजवापर मोजायला लावलेला. तो प्लगही यादीत होता. मॉडेलने सांगितलेलं केलं. पुन्हा चालू करायला हबच उरला नव्हता. उठून प्लगचं बटण दाबलं. दुसऱ्या गावी असतो तर त्या प्लगसाठी शेजाऱ्यांना किल्ली शोधायला लावावी लागली असती.

त्यानंतर मी आधी सूचना लिहून बघितली: "राउटर आणि फ्रीज कधीही बंद करू नकोस." आठवडाभर चाललं. मग एकदा "वीज वाचव" म्हटल्यावर फ्रीजचा प्लग बंद झाला. मॉडेल सूचना लक्षात घेतं, पण सूचना म्हणजे कुलूप नाही.

खरा उपाय परवानगीत आहे. होम असिस्टंटमध्ये सेटिंग्ज, मग व्हॉइस असिस्टंट्स, तिथे एक्स्पोज. त्यात राउटर, हब, फ्रीज, मत्स्यटाकीचा पंप यांची खूण काढून टाका. जे यादीतच नाही त्याची विनंती मॉडेल करूच शकत नाही. नवीन उपकरण आपोआप यादीत टाकण्याचा पर्यायही तिथेच आहे, तो बंद ठेवा. आणि "सगळं बंद कर" साठी स्वतःची स्क्रिप्ट (हबने ओळीने करायच्या कामांची यादी) लिहा, ज्यात फक्त दिवे, पंखे आणि टीव्ही आहेत. मॉडेलला ती स्क्रिप्ट द्या, एकेक प्लग देऊ नका.

१५. कुलूप, गिझर, हीटर त्याच्या हातात द्यावे का?

कुलूप लावू द्या, उघडू देऊ नका. उघडायचंच असेल तर पिन सक्तीची ठेवा. २०१९ मध्ये मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी स्पीकरच्या माइकवर दुरून लेझर टाकून त्याला "आवाज" ऐकवला होता. बंद काचेच्या खिडकीतूनही ते जमलं. खिडकीतून दिसणाऱ्या स्पीकरला दाराची किल्ली देण्यापूर्वी एवढं आठवा.

गिझर आणि हीटर: प्लगवर लिहिलेले ॲम्पियर उपकरणाच्या गरजेपेक्षा जास्त हवेत. १० ॲम्पियरच्या प्लगवर २००० ते ३००० वॉटचा गिझर लावू नका. प्लग तापतो, वितळतो. शिवाय ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद करणारा नियम हबमध्येच लिहा. "वीस मिनिटांनी बंद कर" हे मॉडेलच्या आठवणीवर सोडू नका. वीज जाऊन आल्यावर प्लगने चालू व्हायचं, बंद राहायचं की आधीच्या स्थितीत यायचं हेही सेटिंग असतं. हीटरसाठी ते "बंद" हवं.

गॅसच्या शेगडीला असिस्टंट जोडू नका.

१६. माझ्या ईमेल आणि कॅलेंडरलाही तोच असिस्टंट जोडला आहे. धोका आहे?

आहे. मॉडेलला तुमची आज्ञा आणि तुम्ही वाचायला दिलेला मजकूर यांतला फरक पक्का कळत नाही. २०२५ मध्ये संशोधकांनी गूगलच्या जेमिनी या असिस्टंटवर दाखवून दिलं, की कॅलेंडरच्या निमंत्रणात लपवलेला मजकूर असिस्टंटकडून जोडलेले दिवे, खिडक्या आणि बॉयलर हाताळून घेऊ शकतो. माणसाने फक्त कॅलेंडरमध्ये काय आहे ते विचारलं होतं आणि मग "थँक्स" म्हटलं होतं. कळवल्यावर गूगलने बचाव वाढवले, पण मूळ अडचण या मॉडेलांच्या घडणीतली आहे.

म्हणून बाहेरून आलेला मजकूर वाचणारा असिस्टंट आणि घर चालवणारा असिस्टंट वेगळे ठेवा. ते जमत नसेल तर घराची यादी दिवे-पंख्यांपुरतीच ठेवा.

१७. संगणकावर वापरतो तोच असिस्टंट घराला जोडता येईल का?

येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲन्थ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला जोड-नियम जाहीर केला, आणि फेब्रुवारी २०२५ पासून होम असिस्टंट त्याचा सर्व्हर होऊ शकतो, म्हणजे संगणकावरचा असिस्टंट त्यातून घराला जोडता येतो. हा रस्ताही प्रश्न १४ मधलीच यादी पाळतो. त्यासाठी लागणारं टोकन (हबमध्ये प्रवेश देणारी लांबलचक अक्षरमाळ) पासवर्डइतकंच जपा. ते कुणाला पाठवू नका. हबचं ८१२३ हे पोर्ट (नेटवर्कवरचं त्याचं दार) राउटरवर थेट जगासाठी उघडू नका. बाहेरून यायला व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता, वापरा. प्रश्न १६ चा धोका इथेही लागू आहे.

१८. "रोज सहाला दिवा लाव" हे असिस्टंटला सांगू की ऑटोमेशन लिहू?

ऑटोमेशन. जे रोज, न चुकता आणि तुम्ही न बोलता व्हायला हवं, ते हबच्या नियमात लिहा. तो नियम लिहायला मॉडेलची मदत मात्र जरूर घ्या; वाचून, समजून मग चालू करा.

१९. घर सोडतोय, उपकरणं नव्या माणसाला ठेवून जायची आहेत. काय करू?

प्रत्येक उपकरण कंपनीच्या ॲपमधून काढा आणि मग त्यावरचं बटण धरून रीसेट करा. फक्त ॲप काढून टाकून भागत नाही. मॅटरचं उपकरण एकाहून जास्त हबना जोडलेलं असू शकतं, तेव्हा सगळीकडून काढा. हबवरची टोकनं रद्द करा, मॉडेलच्या खात्यातली एपीआय किल्ली (हबला ते मॉडेल वापरू देणारी गुप्त अक्षरमाळ) पुसा. आणि प्रश्न ४ मध्ये काढलेले क्यूआर कोडचे फोटो नव्या माणसाला द्या. रिले भिंतीत आहेत, त्याला तेच लागतील.